आठ इंची आरशाचा वेव्हफ्रंट घरी मोजायचा आणि सुधारायचा कसा

टेलिस्कोपचा आरसा घासायला घेतलेली माणसं ग्राइंडिंग धीराने करतात, पॉलिशही मस्त आणतात, आणि मग पॅराबोलाच्या, म्हणजे ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत आणणाऱ्या वक्राच्या, टप्प्यावर अडकतात. कारण इथपर्यंत डोळ्यांना दिसतं, पुढचं काम नॅनोमीटरचं आहे आणि ते मोजल्याशिवाय कळतच नाही. मी इथे २०० मिमी व्यासाचा, १२०० मिमी फोकल लेंथचा म्हणजे एफ/६ (फोकल लेंथ व्यासाच्या सहापट) आरसा धरून पूर्ण पद्धत सांगतो, आकडेमोडीसकट. आकडेमोड सोडून देऊ नका, ती आठवी-नववीच्या गणिताएवढीच आहे आणि खरी मजा तिथेच आहे.

आधी काम किती आहे ते बघू. पॉलिश झाल्यावर आरसा साधारण गोलाचा तुकडा असतो, आपल्याला पॅराबोला हवा. वक्रता त्रिज्येला व म्हणू, ती फोकल लेंथच्या दुप्पट म्हणजे २४०० मिमी. मध्यापासूनच्या अंतराला झ म्हणू. मध्यावर दोन्ही आकार जुळवले तर झ अंतरावर त्यांच्यातला फरक झ⁴ ÷ ८व³ एवढा येतो. कडेला झ = १०० टाकलं की उत्तर ०.०००९ मिमी, म्हणजे साधारण ९०० नॅनोमीटर. फोकस थोडा सरकवून सगळ्यात चांगली जागा पकडली तर चूक पाव होते, २२५ च्या आसपास. पण प्रकाश आरशावर जाऊन परत येतो म्हणून काचेवरची चूक वेव्हफ्रंटमध्ये (परतणाऱ्या प्रकाशलाटेच्या आकारात) दुप्पट होते, ४५० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची वेव्हलेंथ ५५० धरा, म्हणजे ०.८ वेव्हची स्फेरिकल अॅबरेशन (कडेचा आणि मधला प्रकाश एकाच ठिकाणी न येण्याचा दोष). एवढ्यात गुरूचे पट्टे धुवून जातात. तीच फोकल लेंथ ठेवून १५० मिमीचा आरसा केला तर नुसत्या गोलावरही चूक पाव वेव्हच्या आसपासच राहते, कारण झ चा चौथा घात आहे. म्हणूनच पहिला आरसा सहा इंची एफ/८ करा असं सगळे सांगतात, ते उगाच नाही.

आता मोजणी. लिऑं फुको यांनी १८५८ मध्ये दिलेली नाइफ-एज टेस्ट आजही घरच्या कामाला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची आहे. लागतं काय तर एक एलईडी, पुढे बारीक फट, शेजारी दाढीचं ब्लेड, आणि हे सगळं एकाच सरकत्या पाटावर बसवलेलं. पाट पुढेमागे सरकला की किती सरकला ते डायल गेजवर वाचता आलं पाहिजे. गेज ०.०१ मिमीचा घ्या, पुण्यात असाल तर जुन्या बाजारात वापरलेला मिळून जातो, फक्त काटा अडकत नाही ना ते तिथेच बघून घ्या. आरसा स्टँडवर उभा करा, टेस्टर २.४ मीटरवर, आरशाच्या वक्रतेच्या केंद्रापाशी. परत आलेल्या प्रकाशात ब्लेड हळू आत सरकवायचं आणि ब्लेडच्या मागून आरशाकडे बघायचं. सावली ब्लेडच्याच बाजूने आत आली तर ब्लेड केंद्राच्या अलीकडे, आरशाकडे आहे, उलट बाजूने आली तर पलीकडे. सगळा आरसा एकदम करडा झाला तर गोल परफेक्ट. पॅराबोला असेल तर असं कधीच होत नाही, प्रत्येक झोन (आरशावरचा कंकणासारखा पट्टा) वेगळ्या जागी करडा होतो, आणि त्या जागांमधलं अंतर मोजणं हीच टेस्ट.

झोन वेगळे दिसावेत म्हणून पुठ्ठ्याचा, प्रत्येक झोनला डावी-उजवीकडे खिडकी असलेला कूडे मास्क कापतात. झोनच्या बाहेरच्या त्रिज्या ५०, ७०.७, ८६.६ आणि १०० मिमी ठेवा. विचित्र वाटतील, पण यांचे वर्ग २५००, ५०००, ७५००, १०००० येतात, म्हणजे चारही झोनचं क्षेत्रफळ सारखं, आणि याचा पुढे फार मोठा फायदा आहे. फट आणि ब्लेड दोन्ही एकत्र सरकत असतील तर पॅराबोलासाठी झोनचं रीडिंग झ² ÷ २व यायला हवं (फट जागेवर स्थिर असेल तर याच्या दुप्पट, हे विसरलात तर आरसा अर्धवटच सुधाराल). झोनच्या मध्याचा वर्ग म्हणून आतल्या-बाहेरच्या वर्गांची सरासरी घ्यायची, १२५०, ३७५०, ६२५०, ८७५०. भागिले ४८०० केलं की ०.२६, ०.७८, १.३०, १.८२ मिमी. पहिला झोन शून्य धरला तर आदर्श रीडिंग ०, ०.५२, १.०४, १.५६, सरळ समान पायऱ्या.

रीडिंग घेताना एका झोनच्या डावी-उजवीकडच्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी काळवंडतात ती जागा शोधायची, बाकीच्या खिडक्यांकडे लक्षच द्यायचं नाही. प्रत्येक झोनची पाच-पाच रीडिंग, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत, मग सरासरी. पहिला झोन सगळ्यात मऊ असतो, तिथे रीडिंग हलतं, पण त्याची त्रिज्या छोटी म्हणून त्यातल्या चुकीचा तोटाही कमी. कडेचा झोन मात्र जपून वाचा, तिथे ०.०५ मिमी चुकलात तर फोकसवर प्रकाश जवळजवळ २ मायक्रॉन सरकलेला दिसतो.

आणि एक अगदी मनापासून सांगतो, पॉलिश करून लगेच मोजू नका. काच हाताने आणि घर्षणाने तापलेली असते. खात्री करायची असेल तर मोजताना दहा सेकंद बोट आरशावर टेकवा आणि मग बघा, तिथे चक्क टेकडी उगवलेली दिसते आणि ती जायला वेळ लागतो. साध्या काचेला मी कमीत कमी दोन तास देतो, पायरेक्सला थोडा कमी. पंखा बंद, आणि शक्यतो पहाटे, कारण आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी खोलीतली हवाच एवढी उकळत असते की सावल्या पोहतात. मी सुरुवातीला घाई करून गरम आरसा मोजायचो आणि नसलेली चूक घासून खरोखरची चूक तयार करायचो, त्यात एक पूर्ण आठवडा गेला होता.

समजा रीडिंग आली ०, ०.४५, ०.९८, १.८०. आदर्श वजा केलं की ०, −०.०७, −०.०६, +०.२४. आता फोकस कुठे धरायचा ते आपल्या हातात आहे, म्हणून सगळ्यांतून एकच आकडा वजा करता येतो, ०.०३ घेऊ. उरलं −०.०३, −०.१०, −०.०९, +०.२१. हे झाले उताराचे आकडे, उंचीचे नाहीत. वेव्हफ्रंटची उंची हवी तर उतार जोडत जायचं म्हणजे इंटिग्रेट करायचं, आणि इथे सारख्या क्षेत्रफळाचा फायदा मिळतो. प्रत्येक झोनसाठी गुणक एकच, २५०० ÷ व², म्हणजे दर मिलिमीटरला ४३४ नॅनोमीटर. गुणाकार करून बेरीज करत गेलं की झोनच्या कडांवर ०, −१३, −५६, −९५, −४ नॅनोमीटर. सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली यांतला फरक ९५, म्हणजे साधारण वेव्हचा सहावा भाग. आरएमएस (सगळ्या आरशावरची एक प्रकारची सरासरी चूक) काढला तर ३० नॅनोमीटरच्या आत येतो आणि स्ट्रेल रेशो (परफेक्ट आरशाच्या तुलनेत ताऱ्याच्या मध्याची चमक) ०.८९ च्या आसपास. ०.८ च्या वर असलं की डिफ्रॅक्शन-लिमिटेड म्हणतात, म्हणजे कागदावर आरसा पास.

पण थांबा, दुसरा हिशोबही करा. त्याच उतारांना झ ÷ व ने गुणलं की फोकसवर प्रकाश किती बाजूला पडतो ते मिळतं. कडेच्या झोनला (त्याचा झ म्हणजे ८७५० चं वर्गमूळ, ९३.५) ०.२१ × ९३.५ ÷ २४०० म्हणजे ०.००८२ मिमी, ८.२ मायक्रॉन. एअरी डिस्कची, म्हणजे परफेक्ट आरशातही ताऱ्याचा जो छोटा ठिपका पडतो त्याची, त्रिज्या १.२२ × ०.५५ × ६, म्हणजे ४ मायक्रॉन. म्हणजे आरशाचा बाहेरचा चतुर्थांश प्रकाश डिस्कच्या दुप्पट लांब जाऊन पडतोय. फोकस अजून सरकवून, ०.०३ ऐवजी ०.१० वजा करून पाहिलं तरी तिसऱ्या आणि चौथ्या झोनला ५ मायक्रॉनच्या वरच राहतं. दिसताना हे कसं दिसतं तर चंद्राच्या कडेला आणि शनीच्या कड्यांभोवती एक मंद धुकं, कॉन्ट्रास्ट गेलेला. म्हणून वेव्हचा एवढावा भाग असा एकटा आकडा कोणी सांगितला तर माझं समाधान होत नाही, मला उतार बघायचे असतात.

मोठ्या दुर्बिणींचं अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेने बिघडलेली प्रतिमा क्षणोक्षणी सुधारणं) याच कल्पनेवर चालतं. शॅक-हार्टमन सेन्सरमध्ये छोट्या लेन्सची जाळी असते, प्रत्येक लेन्सखालचा ठिपका किती सरकला त्यावरून तिथला उतार, उतार जोडून वेव्हफ्रंट, आणि मग वाकणाऱ्या आरशाला उलटा आकार. अमेरिकेतलं कॅलटेक आणि पुण्याची आयुका ही खगोल संस्था यांनी मिळून केलेला रोबो-एओ अमेरिकेतल्या पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर हेच काम सेकंदाला हजारभर वेळा करायचा. आपण चार झोनवर वहीत करतो एवढाच फरक, गणित तेच.

आता सुधारणा. आपल्या चिन्हांमध्ये वेव्हफ्रंट उणे म्हणजे काचेवर उंचवटा, आणि काचेवर तो अर्धा. म्हणजे ८७ मिमीच्या आसपास ४८ नॅनोमीटरचं गोल वरंबं आहे आणि त्याच्या बाहेर कड खाली वळलेली. काच वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते, त्यामुळे कड वर आणायची नसते, वरंबं खाली आणायचं असतं. ४० मिमीचा छोटा पिचचा लॅप (डांबरासारख्या पिचचं पॉलिशचं हत्यार) घ्या, पातळ सिरियम ऑक्साइड (पॉलिशची पूड), आणि त्याचा मध्य ७५ मिमीच्या आसपास ठेवून छोटे गोल-गोल हात फिरवत आरशाभोवती दोन फेऱ्या, दाब फक्त लॅपच्या वजनाचा. बाहेरच्या तीन-चार मिमीवर लॅप जाऊ द्यायचा नाही. मग पूर्ण आकाराच्या लॅपवर छोट्या स्ट्रोकने पाच मिनिटं, म्हणजे छोट्या लॅपचे काठ उमटत नाहीत. थंड होऊ द्या, परत मोजा. एका बैठकीत एकच बदल, हे पाळा.

कड याहून जास्त वळली असेल, डोळ्याला फुकोमध्ये कडेला जाड चकचकीत रेघ दिसत असेल, तर छोट्या लॅपने खेळत बसू नका. पिच मऊ झालं असणार किंवा स्ट्रोक फार लांब गेले असणार. थोडं कडक पिच घेऊन, व्यासाच्या पाव-तृतीयांश एवढे छोटे स्ट्रोक मारत परत गोलावर या, कितीही तास लागोत, आणि मग आरसा वर ठेवून रुंद डब्ल्यू स्ट्रोकने (डब्ल्यू अक्षरासारखे हात फिरवत) मध्य खोल करत पुन्हा पॅराबोलाकडे जा. अवघड निर्णय असतो हा, पण सगळ्यात कमी वेळ शेवटी यातच जातो.

मास्क फक्त एकाच आडव्या व्यासावर मोजतो, त्यामुळे अॅस्टिग्मॅटिझम (वेगवेगळ्या व्यासांची वक्रता वेगळी असण्याचा दोष) पूर्ण निसटतो. आरसा ४५ आणि ९० अंश फिरवून रीडिंग घ्या. आणखी खोलात जायचं असेल तर बाथ इंटरफेरोमीटर (दोन प्रकाशलाटांची तुलना करणारं यंत्र) बांधा, लेझर डायोड, बीम स्प्लिटर क्यूब आणि छोटी बहिर्वक्र लेन्स एवढ्यात होतो, आणि त्याचे फ्रिंज (प्रकाशाचे काळे-उजळ पट्टे) डीएफटी-फ्रिंज नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते हजारो बिंदूंवर लीस्ट स्क्वेअर्सने झर्निके पदं बसवतं, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या दोषाचा वेगळा आकडा काढतं. टिल्ट, डीफोकस आणि कोमा (तारा शेपटीसारखा दिसण्याचा दोष) आपल्या मांडणीतून येतात म्हणून ते काढून टाकायचे, स्फेरिकल आणि अॅस्टिग्मॅटिझम ठेवायचे. अॅस्टिग्मॅटिझम काचेतला की स्टँडच्या दाबाचा हे आरसा फिरवूनच कळतं, आरशाबरोबर फिरला तर काचेतला, जागेवर राहिला तर स्टँडचा.

दोन वेगळ्या टेस्टचा आग्रह मी का धरतो, तर हबल ही अंतराळ दुर्बीण आठवा. तिचा आरसा ज्या नल करेक्टरने (आरसा तपासण्याच्या खास ऑप्टिक्सने) तपासला त्यातल्या एका लेन्सचं अंतर १.३ मिमी चुकलं होतं, आणि आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाली. आरसा त्या चुकीच्या आकाराला मात्र अतिशय अचूक घासलेला होता. दुसऱ्या साध्या टेस्टमध्ये गडबड दिसतही होती, पण ती कमी भरवशाची म्हणून बाजूला ठेवली गेली. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारणारं ऑप्टिक्स बसवलं.

म्हणून अॅल्युमिनियम कोटिंगला पाठवायच्या आधी आरसा तसाच ट्यूबमध्ये बसवा. कोटिंग नसलेली काच चार टक्केच प्रकाश परत पाठवते, पण ठळक ताऱ्याला तेवढा पुरतो. तासभर बाहेर थंड होऊ द्या, कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) नीट करा, मोठं मॅग्निफिकेशन लावा आणि फोकसच्या आत-बाहेर सारखंच अंतर जाऊन वर्तुळं बघा. दोन्हीकडे सारखी दिसली तर छान. एकीकडे आडवी लंबगोल आणि दुसरीकडे उभी दिसली तर अॅस्टिग्मॅटिझम, आरसा सेलमध्ये पाव फेरी फिरवून परत बघा. एका बाजूला बाहेरची कडी कडक आणि दुसऱ्या बाजूला केसाळ दिसली तर कड अजून वळलेलीच आहे, मास्क लावून परत मोजा.