ग्लेझची बादली आधी तळापासून ढवळा

भट्टी उघडली तेव्हा ग्लेझ ओघळून माझे मातीचे आठ मग भट्टीतल्या शेल्फला चिकटले होते. छिन्नीने सोडवताना पाचांची बुडं शेल्फवरच राहिली. शेल्फ दुसऱ्याच्या स्टुडिओचं, म्हणून भरपाई मीच केली. त्यामुळे रंगांचं नंतर, आधी बादलीचं सांगते.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर देणारी, पाण्यात मिसळलेली दळलेली पूड: सिलिका, फेल्डस्पार (एक खनिज), व्हायटिंग (खडूची पूड), चिनीमाती. बादली ठेवून दिली की जड कण तळाशी जाऊन घट्ट बसतात आणि चिनीमातीचे बारीक कण वर तरंगत राहतात. त्या आधीच्या खेपेला मी बादली वरवर ढवळली होती. ते मग भट्टीतून खरखरीत आणि निस्तेज निघाले. थर पातळ पडला असं मी समजले. खरं तर वरच्या पाण्यात वितळवणारे घटकच कमी होते, म्हणजे ते ग्लेझ मूळ कृतीचं राहिलंच नव्हतं. मला कुणीतरी सुचवलं, "दोनदा बुडव." पुढच्या वेळी दोनदा बुडवलं. पण त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी बादली तळापासून खरवडून ढवळली होती. दाट ग्लेझचे दुहेरी थर झाले, आणि सगळं ओघळून खाली आलं.

म्हणून हात तळापर्यंत घाला, गाळ सुटेपर्यंत ढवळा, ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळा आणि मग वजन करा. मोजपात्र काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, बरोबर १०० मिली ग्लेझ ओता. १४५ ग्रॅम भरलं तर घनता १.४५. बुडवायची बरीच ग्लेझं १.४० ते १.५० च्या आसपास चालतात. तुमच्या ग्लेझचा आकडा चाचणीतून ठरवा आणि बादलीवरच लिहा. "सायीसारखं झालं की पुरे, हाताला कळतं" असं सांगणारे गुरू भेटतील. वीस वर्षांनी कळत असेलही. तोवर काटा वापरा, त्यात कमीपणा नाही.

आकडा जमला तरी बिस्क, म्हणजे ग्लेझ देण्याआधी एकदा भाजलेलं भांडं, किती पाणी पितं ते पाहावं लागतंच. कमी तापमानाला भाजलेलं बिस्क जास्त पितं, त्यामुळे तेवढेच तीन सेकंद बुडवलं तरी थर जाड बसतो. पातळ भिंतीचं भांडं लवकर भिजतं आणि नंतर ग्लेझ धरतच नाही. आधी आतून ग्लेझ द्या, वाळू द्या, मग बाहेरून. थर वाळला की सुईने ओरखडा काढून जाडी बघा. बहुतेक ग्लेझांना मिलिमीटरभर पुरते. बुडाशी ३-४ मिमी जागा कोरी ठेवा, मेण लावून किंवा ओल्या स्पंजने पुसून. दोन ग्लेझं एकमेकांवर येतात तिथे ती एकेकटीपेक्षा जास्त वाहू शकतात, म्हणून ती जागा काठाकडे ठेवा आणि खाली आणखी मोकळं सोडा.

इंटरनेटवरचे ओघळांचे सुंदर फोटो बघून थेट मगावर उतरू नका. चाचणीचे तुकडे करा आणि ते उभे भाजा. आडव्या तुकड्यावर ग्लेझ किती वाहतं ते दिसतच नाही.

सजावटीत मला स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, आवडते. भांडं अर्धवट सुकलेलं, लेदर-हार्ड असताना लावायची, थोडी वाळली की टोकदार काडीने खरवडून नक्षी काढायची. रंगासाठीची धातूंची ऑक्साइडं मात्र हात राखून. कोबाल्ट ऑक्साइड कच्चं असताना काळं दिसतं, म्हणून भीती वाटत नाही, पण ग्लेझमध्ये १ टक्काही गडद निळा देतो. तांब्याची हिरवी ग्लेझं जेवणाच्या भांड्यांत आतून लावू नका. आंबट पदार्थात तांबं उतरू शकतं.

कोरडी पूड हाताळताना धूळ अडवणारा चांगला मास्क हवाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते आणि निघत नाही. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रशने लावायची तयार ग्लेझं घेतलीत तर कुणी काही म्हणो, चालतं. तीन थर द्या, प्रत्येक थर आधीच्याला आडवा.

आणि लावताना बिघडलंच तर घाबरू नका. भट्टीत जाईपर्यंत सगळं धुऊन टाकता येतं. नळाखाली धरा, पूर्ण सुकू द्या, पुन्हा सुरू करा. मी गेल्याच आठवड्यात दोन वाडगे धुतले, अजून वाळताहेत.