कादंबरी आणि मालिका एकाच वेळी चालू असतील तर

दुपारी रहस्यकादंबरी, रात्री मालिका असं चालू असलं की पात्रांची सरमिसळ होते. मी खुणेसाठी पुस्तकात जाड कागदाची पट्टी ठेवते आणि तिच्यावरच पेन्सिलीने लिहिते: कोण, कुणाचा कोण, शेवटचा कुठे दिसला. चार दिवसांनी पुस्तक उघडलं तरी मागची पानं चाळावी लागत नाहीत.

एकाच कथेचं पुस्तक आणि मालिका दोन्ही हाताशी असतील, तर आधी पुस्तक संपवाच. अगाथा ख्रिस्तीने ‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९च्या कादंबरीचा शेवट १९४३च्या नाटकासाठी स्वतःच बदलला होता. बीबीसीच्या २०१५च्या तीन भागांच्या मालिकेत मात्र कादंबरीतलाच खुनी आहे. ती आधी पाहिलीत, तर इतक्या सुरेख रचलेल्या पुस्तकाची पहिल्या वाचनातली धडधड कायमची हुकते.