जुन्या मोटरहोमचे ब्रेक: घाट उतरण्याआधी काय तपासायचं, काय बदलायचं

इंदूरहून नाशिक-पुण्याकडे निघालेली गाडी मानपूर सोडल्यावर माळव्याचं पठार उतरते आणि खलघाटला नर्मदेपाशी पोचेपर्यंत साधारण ४०० मीटर खाली आलेली असते. साडेतीन टनांची मोटरहोम एवढी उतरली की तिची जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात ३० अंशांवरचं ४५ लिटर पाणी उकळायला लागेल. इंजिन, हवा आणि टायर यांनी त्यातला वाटा उचलला नाही तर ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकच्या ड्रम-डिस्कमध्ये जाते. वाटेतला गणेश घाट ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांसाठी बदनाम आहे. त्यामागे उतार तर आहेच, पण न थांबता दाबून ठेवलेला ब्रेक जास्त कारणीभूत असतो.

मोटरहोमचा खरा प्रश्न वजनाचा. पीथमपुरात बनणारी ट्रॅव्हलर असो की जुनी मॅटाडोर, प्रवासी गाडी अर्धा वेळ रिकामी धावते. पलंग, कपाटं, पाण्याची टाकी, बॅटऱ्या बसवल्या की तीच गाडी जन्मभर भरलेली राहते. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, आणि १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी एकेक ४० किलोच्या वर. म्हणून पान्याला हात लावण्याआधी टाकी भरून, सामान आणि माणसं घेऊन देवास नाक्याकडच्या एखाद्या धर्मकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा. वजन जास्त निघालं तर पहिली दुरुस्ती सामान कमी करण्याची. त्यावर कुठलाही महागडा पॅड उपाय नाही.

आधी मूळ ब्रेक मूळपदावर

‘अपग्रेड’साठी आलेल्या दहा जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींना हवे असतात ते फक्त कंपनीने दिले तसे चालणारे ब्रेक. गाडी सपाट जागी घ्या, चाकांना गुटके लावा आणि जॅकवर भरवसा न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा.

मागचे ड्रम एकेक करून उघडा. दोन्ही बाजू एकदम खोलू नका, स्प्रिंग कुठली कुठे ते बघायला दुसरी बाजू जशीच्या तशी हवी. धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ओल्या फडक्याने पुसून काढा. रिव्हेटचा लायनर असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर किमान एक मिलिमीटर माल शिल्लक हवा. चिकटवलेला असेल तर दोन मिलिमीटरला बदला. लायनर काचेसारखा चमकत असेल तर तो तापून गेलेला आहे. तेलाने भिजला असेल तर धुऊन उपयोग नाही, जोडीच बदला. पण त्याआधी तेल आलं कुठून ते शोधा. गिअर ऑइलचा उग्र वास आला तर हबचं ऑइल सील गेलं आहे. शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलल्यावर आत ओल दिसली तर सिलिंडर. कारण न काढता नवे शू टाकले तर महिन्याभरात तेही भिजतात.

ड्रमच्या कडेला कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी ओतीवातच लिहिलेली असते. खरादवाल्याकडे नेण्याआधी मापून घ्या, कारण खरादल्यावर माप हद्दीबाहेर गेलं तर तो ड्रम भंगारातच. ब्रेक मारताना पेडल थरथरत असेल तर डिस्कचा डगमगपणा डायल गेजने बघा, ०.१ मिलिमीटरच्या वर नको. त्याआधी बेअरिंगची ढील काढा, नाहीतर मापच चुकतं.

सिलिंडरची रबरं पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची सवय आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत आहे. ती मोडा. खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि पिस्टन परत फिरत नाही. ताजं ब्रेक फ्लुइड किंवा ब्रेक क्लीनर वापरा. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांनाही सिलिकॉन ग्रीसच लावा, बेअरिंगचं नको.

चाक जाम होऊन तापतंय, आणि मिस्त्री म्हणतो कॅलिपर बदला? आधी हे करून बघा. पेडल दाबून सोडा, चाक अडकलेलं असताना ब्लीड निपल (एअर काढायचा चाकामागचा स्क्रू) उघडा. चाक सुटलं नाही तर दोष कॅलिपरमध्ये किंवा शूमध्ये. सुटलं, तर पुन्हा पेडल दाबून चाक अडकवा आणि आता होस पाइपचा, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा, वरचा, लोखंडी नळीकडचा जोड सैल करा. तिथे सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने फ्लुइड ढकलणारा मुख्य सिलिंडर) किंवा पेडलला पुरेशी ढील नसण्यात. तिथे न सुटता फक्त निपल उघडल्यावरच सुटत असेल तर होस आतून सुजलेला आहे: पायाच्या जोराने फ्लुइड पुढे जातं, परत येत नाही. बाहेरून असा होस नवा कोरा दिसू शकतो. जुनी गाडी घेतली असेल आणि होस कधी बदलले ते ठाऊक नसेल तर सगळे बदलून टाका. पूर्ण कामात हा खर्च लहान आहे. गंजलेल्या लोखंडी नळ्याही, पण साध्या तांब्याच्या नळीने नव्हे.

फ्लुइड आणि एअर काढणं

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, होसच्या रबरातून आणि फ्लुइडच्या टाकीच्या झाकणातून. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडचे दोन पावसाळे काढलेलं फ्लुइड घाटात न्यायचं नाही. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, आणि नाव सारखं असलं तरी डॉट ५.१ ही वेगळी वस्तू. लिटरचा डबा घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्या दोन-तीन घ्या, उघडून उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

मास्टर सिलिंडर उजवीकडे पुढे असतो, म्हणून एअर काढायचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं फ्लुइड घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला विसरू नका. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला, जिथे आतला रबरी कप कधी पोचतच नाही, तिथे गंज साचलेला असतो. पेडल तळाला नेलं की कप त्यावर घासून फाटतो, आणि एअर काढायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडर मागते. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता.

पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा, इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. डिझेल गाडीत बूस्टरला व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. पेडल दगडासारखं लागत असेल तर बूस्टर बदलण्याआधी तो पंप, त्याची तेलाची नळी आणि व्हॅक्यूमचा पाइप बघा.

खरोखरचं अपग्रेड

मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल, इतकी गाडी जुनी असेल, तर दोन सर्किटचा टँडम सिलिंडर हा पहिला बदल. एक नळी फुटली तरी निदान दोन चाकं तरी धरतात.

पुढे ड्रमऐवजी डिस्क हवी असेल तर त्याच मॉडेलच्या नंतरच्या गाडीतला पूर्ण संच घ्या: नकल (हब धरणारा वळता भाग), हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर. कॅलिपर एका गाडीचा आणि सिलिंडर दुसऱ्याचा, अशी खिचडी घाटात महाग पडते. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोठा झाला तर पेडल कडक होतं आणि त्याच जोरात दाब कमी मिळतो; लहान झाला तर पेडल खोल जातं. ड्रमसाठीच्या जुन्या सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो, तो डिस्कला ठेवला तर पॅड घासतच राहतात. रिममध्ये कॅलिपर बसतो का हेही पैसे देण्याआधी पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांचे नियम आहेत, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा.

आता जिथे बहुतेक मोटरहोम फसतात ते. मागच्या ॲक्सलवर एक काडी असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. बॉडी किती खाली बसली त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. वजन वाढलं म्हणून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले की गाडी उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक जवळपास सुट्टीवर जातात. पुढचे मग जास्त तापतात. पाटे वाढवले असतील तर या काडीची सेटिंग कंपनीच्या मापाने, भरलेल्या गाडीत करून घ्या. तो व्हॉल्व्ह काढून सरळ नळी जोडणारेही भेटतात. पावसात मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी जाते ती यामुळे.

नवे शू-पॅड टाकल्यावर पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग आणा, अर्धा मिनिट चालवत थंड होऊ द्या, असं वीसेक वेळा. मध्ये ब्रेक दाबून उभे राहू नका. मग १०० किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. प्रत्येक हबवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा: एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत ठळक फरक असेल तर गरम चाक अडकतंय किंवा थंड चाक कामच करत नाही.

घाटात, ज्या गिअरमध्ये चढलात त्यापेक्षा एक खालच्या गिअरमध्ये, उतार सुरू होण्याआधी. ब्रेक दाबून वेग उतरवा, पूर्ण सोडा, पुन्हा दाबा. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर फ्लुइड उकळलं. भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडे जातात.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून ठेवा. गिअरमध्ये टाका आणि चाकांना दोन्हीकडून गुटके लावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो, आणि जोर लावून गाडी हलवली की कधी कधी तो शूवरून सुटून ड्रममध्येच राहतो.