अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि तिसरी वही

माझी भाची यंदा बारावी झाली. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही शिकायचं तिनं ठरवलंय. कॉलेज सुरू व्हायच्या आत काय काय करून ठेवू, असं परवा विचारत होती. फोनवर अर्धा तास बोलले तरी निम्मं राहिलं, म्हणून हे लिहून काढलं. डिचोली-पेडण्याकडच्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर मला आनंदच आहे.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन ये. गोव्यात २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय, अशी रचना आली. कुठली जोडी कुठे मिळते ते कॉलेजागणिक बदलतं. मायनरचे पेपर कुठल्या सत्रात आहेत आणि दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी तर येत नाहीत ना, हे ऑफिसात नको, शिकवणाऱ्यांनाच विचार. माझं मत विचारशील तर मेजर अर्थशास्त्र घे. राज्यशास्त्राचं वाचन पुढे आपल्या बळावरही वाढवता येतं. गणित आणि संख्याशास्त्र मात्र फळ्यासमोर बसून, चुकत चुकत शिकावं लागतं.

गणिताला आजपासून रोज एक तास दे. मी अकरावीला आर्ट्स घेतलं तेव्हा गणित सुटलं याचा आनंद झाला होता. तो आनंद दुसऱ्या वर्षापर्यंतच टिकला. वर्गात सगळे उतार काढत होते आणि मी नुसती रेघ बघत बसले होते. दहावीचं बीजगणित पुन्हा काढ. समीकरणं, आलेख, शेकडेवारी, सरासरी आणि मध्यक यांतला फरक हाताखालून जाऊ दे. मग फलन (फंक्शन) आणि अवकलनाची (डिफरन्शिएशन) तोंडओळख. मे महिन्यात एवढं झालं तरी पुष्कळ.

आता मुख्य गोष्ट. तीन वह्या घे. एक अर्थशास्त्राची, एक राज्यशास्त्राची आणि तिसरी दोन्हींची. दोन विषय दोन वेगळ्या बाई, दोन वेगळ्या तासांना शिकवतील. त्यांना जोडणं हे कुणाच्याच अभ्यासक्रमात नसतं. पुढे एम.ए.ला ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात गेलीस तरी अर्थशास्त्र गोवा बिझनेस स्कूलमध्ये आणि राज्यशास्त्र द. ध. कोसंबींच्या नावाच्या सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेत. हे अंतर तसं अलीकडचं आहे. एकोणिसाव्या शतकात या दोन्हींचं मिळून राजकीय अर्थशास्त्र असं एकच नाव होतं. पुण्यात १९३० साली गोखल्यांच्या नावानं संस्था निघाली तेव्हाही तिच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र जोडीनं आले. आणि बाबासाहेब बघ. लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध, कोलंबियासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध, आणि नंतर घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद. केंद्र आणि राज्यांत पैसा कसा वाटायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी तो आधीच सोडवायला घेतलेला होता.

तिसऱ्या वहीत काय लिहायचं? पहिल्या पानावर गोव्याचा जनमत कौल लिही. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. आमची आजी शेवटपर्यंत सांगायची की तिनं फुलावर शिक्का मारला, आणि आजोबांनी कशावर मारला ते त्यांनी तिलाही सांगितलं नाही. तर मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. आता दोन पानांची टक्केवारी काढ. वैध मतांत ती ५५.५ येते. एकूण मतदानात ५४.२. नोंदलेल्या सगळ्या मतदारांत ४४.३. मतं तीच, फक्त भागायचं कशानं ते बदललं, आणि तीन माणसं तीन वेगवेगळी भाषणं करू शकतात. छेद कोणी निवडला, हे विचारायची सवय इथूनच लाव.

त्याच पानाखाली दुसरा प्रश्न लिही. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला होता. विलीनीकरण हरलं. आणि काही आठवड्यांनी निवडणूक झाली तेव्हा विलीनीकरण मागणारा त्यांचाच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष पुन्हा निवडून आला, भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. कौल हरलेला पक्ष सत्तेवर कसा येतो? नुसतं राज्यशास्त्र वाचणारा इथे भाषा, जात आणि नेतृत्व याबद्दल लिहील. तू त्याला जमिनीचा हिशेब जोड. कुळांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा १९६४ चा. कुळाला मालकी देणारी पाचवी दुरुस्ती मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, १९७६ ची. मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, कायदा १९७५ चा. कौलाच्या दिवशी आपण कुठल्या राज्यात राहायचं एवढंच ठरवायचं होतं. निवडणुकीत कसतोय ती जमीन कोणाची हेही मतदाराच्या मनात असणार. मला हे असं दिसतं. तुला दुसरं काही दिसलं तर ते लिही, पण घरात जे ऐकलंस तेच उतरवून ठेवू नकोस. आपल्याकडे हा विषय जेवणाच्या पाटावर निघाला की आवाज चढतात. म्हणून वाचायला सुरुवात करण्याआधी तुझं आजचं मत तारीख घालून लिहून ठेव.

दुसरं पान लोहखनिजाच्या खाणींचं. तू लहान होतीस, पण गावात ट्रक ओळीनं उभे राहिलेले तुला आठवत असतील. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं काम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधी ठेवायला सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं बंद पडलं. या पानावर दोन स्तंभ आख. एकात रोजगार, ट्रकच्या कर्जाचे हप्ते, महसूल, बार्ज, गॅरेज, चहाची टपरी, आणि तिथेच गाळ बसलेली शेतं आणि आटलेल्या विहिरी. दुसऱ्यात खनिज कोणाचं, पोर्तुगीज काळातल्या सवलतींचं १९८७ च्या कायद्यानं लीजमध्ये रूपांतर कसं झालं, नूतनीकरण कोण करतं, गावाला कोण विचारतं. मग एका स्तंभातून दुसऱ्यात बाण काढ. बाण जिथे काढता येत नाही ती जागा मोकळी सोड. तिथे कुठलं पुस्तक लागेल ते तुला पुढे कळेल.

जीएसटीचे निर्णय केंद्र आणि राज्यं मिळून जिथे घेतात त्या जीएसटी परिषदेला अर्धं पान पुरे, पण ते चुकवू नकोस. लोकसभेत उत्तर प्रदेशाचे ८० खासदार आणि आपले २. परिषदेत मात्र गोव्याच्या मताचं वजन उत्तर प्रदेशाएवढंच. केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. कागदावर बेरीज कर. केंद्र नको म्हणालं तर काय होतं ते लगेच दिसेल. कलम २७९ क मध्ये हे सगळं आहे. राज्यघटनेची मराठी प्रत घरी असू दे, पेन्सिलीनं खुणा करायला. या परिषदेची एक बैठक २० सप्टेंबर २०१९ ला इथे गोव्यातच झाली होती, आणि त्याच सकाळी अर्थमंत्र्यांनी देशातल्या कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं इथूनच जाहीर केलं.

वहीच्या मागच्या बाजूला शब्द लिहीत जा. तू मराठीतून विचार करतेस, पुस्तकं बहुतेक इंग्रजी असतील, आणि यात तुझं नुकसान नाही, फायदा आहे. इंग्रजी पुस्तकात रेंट आलं की बाकीची मुलं घरभाडं समजतात. तुझ्या पणजोबांनी भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, जमीन कसण्याबद्दल खंड घातलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा रेंटचा सिद्धांत मराठीत खंडाचाच सिद्धांत आहे. तसंच स्टेट. कधी ते राज्यसंस्था असतं, कधी घटक राज्य, कधी नुसतं सरकार. मराठीत लिहायला बसलं की यातलं नेमकं कोणतं ते ठरवावंच लागतं. कूळ, मुंडकार, गांवकरी, खाजन, मानस हे शब्द तसेच ठेव आणि पुढे प्रत्येकाचा दोन ओळींत अर्थ लिही.

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचं सदस्यत्व आत्ताच घे, कॉलेज सुरू झाल्यावर राहून जातं. तिथे बसायला शांत जागा मिळते. एक दिवस फक्त जुनी वर्तमानपत्रं बघायला ठेव, १९६७ चा जानेवारी महिना मागून घे. रोजचं एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र वाच, एकच बातमी दोन्हीकडे. राज्याचा अर्थसंकल्प सगळा वाचायच्या भानगडीत पडू नकोस. तुमच्या घरात जी योजना येते ती एक घे, गृहआधार म्हण किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा. तिच्यासाठी गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली आणि प्रत्यक्षात खर्च किती झाला, एवढंच शोध.

आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत एका तरी ग्रामसभेला जाऊन बस. मी पदवी घेऊन झाल्यावर पहिल्यांदा गेले, त्याची अजून हळहळ वाटते. पुस्तकात मी सार्वजनिक वस्तूंवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या गोष्टींवर, प्रकरणच्या प्रकरण वाचलं होतं. पण पाण्याच्या टाकीसाठी आपली जागा कोणी द्यायची यावर दोन वाडे तासभर भांडतात आणि शेवटी टाकी होत नाही, हे मी तिथे बघितलं. बोलू नकोस, नुसतं ऐक. कोण उभं राहून बोलतं, कोण मागे भिंतीला टेकून असतं, बायका किती वेळ थांबतात, सचिव काय लिहून घेतो आणि काय नाही.

तिसरी वही दोनशे पानांची, कोरी घे, आखीव नको. आलेखाला जागा लागते. पुढच्या रविवारी मी येते, पहिलं पान मला दाखव.