चिंपांझींच्या निवारा केंद्रात काम करायचं असेल तर : खान्देशातल्या मुलामुलींसाठी

भुसावळ, चोपडा, शिरपूर, नंदुरबारकडे प्राणीशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो : आफ्रिकेत चिंपांझींच्या केंद्रात काम मिळेल का? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा वूंडाची चित्रफीत पाहिलेली असते. काँगो प्रजासत्ताकातल्या चिंपुंगा केंद्राने 2013 मध्ये या मादीला बेटावर सोडलं. पिंजऱ्यातून बाहेर आल्यावर तिने चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांना मिठी मारली. प्रसंग खरा आहे आणि तो पाहून गलबलून येतं. पण रोजच्या कामात वयात आलेल्या चिंपांझीला कोणी हातसुद्धा लावत नाही. पूर्ण वाढलेला नर पन्नास-साठ किलोचा असतो, त्याच वजनाच्या माणसापेक्षा ताकदवान असतो, आणि चिडला की बोटं, चेहरा यांवरच तुटून पडतो.

या केंद्रांतले बहुतेक चिंपांझी पोरके असतात. मांसासाठी आईला गोळी घातली जाते आणि अंगाला बिलगलेलं पिल्लू विकायला काढलं जातं. काही सर्कशीतून, हॉटेलांतून, घरांतून सोडवलेले असतात. अमेरिकेतल्या लुइझियानातल्या चिंप हेवनमध्ये प्रयोगशाळांतून निवृत्त केलेले आहेत. यांना सगळ्यात जास्त गरज असते ती इतर चिंपांझींची. आपण त्यांचा कळप सांभाळायचा, त्यात घुसायचं नाही. हे ज्याला पटलं त्याने पुढचं वाचावं.

नावं माहीत असावीत म्हणून : झांबियात चिंफुन्शी 1983 पासून, चिंपुंगा 1992 पासून, केनियात ओल पेजेटाच्या आवारातलं स्वीटवॉटर्स 1993 पासून, सिएरा लिओनमध्ये टाकुगामा 1995 पासून, युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातलं न्गांबा बेट 1998 पासून. चिंपांझीला पोहता येत नाही, त्यामुळे बेटाभोवतीचं पाणी हेच तिथलं कुंपण.

सकाळ : मोजणी, मग कुलूप

दिवस उजाडताच पहिलं काम खाणं देण्याचं नसतं, मोजण्याचं असतं. रात्रीच्या खोल्यांसमोरून हळू चालत जायचं आणि प्रत्येकाला नावाने ओळखून खूण करायची. नुसती संख्या जुळून भागत नाही. कोणाच्या नाकातून पाणी येतंय, कोण एका हातावर भार देत नाही, कोणाची विष्ठा पातळ आहे, कोणत्या मादीला सूज आली आहे, रात्रीचं खाणं कोणी शिवलेलंच नाही, हे सगळं वहीत जातं. मादीच्या पार्श्वभागाची ती गुलाबी सूज म्हणजे आजार नव्हे, ती माजावर असल्याची खूण. पण ती लिहावी लागते, कारण त्या दिवसांत नरांची भांडणं वाढतात.

रोज बघणाऱ्यालाच फरक कळतो. गोठ्यात म्हशीने वैरण टाकून दिली की घरातल्या म्हातारीला जसं लगेच उमगतं, तशी नजर इथे लागते. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांनी हे कौशल्य अर्जात जरूर लिहावं.

मग कुलपं. बरेचसे अपघात इथेच होतात, आणि कारण ठरलेलं असतं : घाई किंवा बोलण्यात लक्ष. चिंपांझींना एका खोलीतून दुसरीकडे सोडताना दोन माणसं लागतात. एक दरवाजा सरकवतो, दुसरा मोजतो. वरून खाली येणारा दरवाजा सोडताना बोटं, शेपटीसारखी बाहेर राहिलेली चादर, पिल्लाचा पाय, सगळं बघायचं. कुलूप लावलं की खाली ओढून बघायचं. दुसऱ्यानेही स्वतः ओढून बघायचं, नुसतं ‘लावलं ना?’ असं विचारून चालत नाही. सगळे बाहेरच्या आवारात आहेत हे नावानिशी जुळल्यावरच आत पाऊल टाकायचं. किल्ली कमरेला असते, दारात अडकवून ठेवत नाहीत.

जाळीपासून अंतर ठेवण्यासाठी जमिनीवर रेघ मारलेली असते. ती चिंपांझीचा हात पोहोचेल त्याच्या बऱ्याच पलीकडे असते, कारण त्याचे हात आपल्या अंदाजापेक्षा लांब असतात आणि हातात काठी असली तर आणखी लांब. चष्मा, कानातलं, ओढणी, मंगळसूत्र, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, खिशातून डोकावणारा मोबाइल, यातलं काहीही अंगावर नको. केस बांधलेले हवेत. दोरी ओढली गेली तर डोकं जाळीवर आपटतं.

कुंपण बऱ्याच ठिकाणी विजेचं असतं. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेतात झटका मशीन लावतात, तत्त्व तेच : काही हजार व्होल्ट, पण क्षणभराचा ठोका. बिघाडही तोच. पावसात गवत वाढून तारेला टेकलं, फांदी पडली की ताकद जमिनीत उतरते. चिंपांझी कुंपण तपासतात, वाळकी काठी तारेवर टाकून बघतात. त्यामुळे रोज सकाळी टेस्टर लावून प्रत्येक भागाचा आकडा लिहायचा, आणि आवाराच्या आतल्या झाडाची फांदी बाहेर झुकलेली दिसली तर त्याच दिवशी छाटायची.

सफाई

कामाच्या दिवसाचा सगळ्यात मोठा वाटा इथे जातो, आणि ज्याला हे कमीपणाचं वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये. क्रम मोडायचा नाही. आधी कोरडा कचरा : जुनं गवत, साली, विष्ठा हाताने आणि फावड्याने उचलायची. विष्ठेचा नमुना हवा असेल तर याच वेळी, नाव लिहून. मग पाण्याचा फवारा. मूत्र पूर्ण वाहून गेल्यावर साबण, घासणं, धुणं. जंतुनाशक त्यानंतर. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर किंवा द्रव ब्लीच घाणीवर ओतलं तर ते घाणीतच संपतं, जंतू तसेच राहतात. आणि मूत्रातल्या अमोनियाशी किंवा आम्लाच्या क्लीनरशी ते मिसळलं तर विषारी वायू तयार होतो, बंद खोलीत छाती भरते. जंतुनाशक दहा मिनिटं तरी ओलं राहू द्यायचं, मग धुऊन वाळवायचं. दारातल्या पाय बुडवायच्या तसराळ्यात चिखल साचला की तेही निकामी, म्हणून ते रोज बदलायचं.

खाणं

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराच्या घरातल्या मुलाला हे ऐकून धक्का बसेल, पण चिंपांझीला केळी बेतानेच देतात. जंगलातली फळं तंतुमय, कमी गोड असतात. आपण लावलेल्या फळांत साखर जास्त आणि चोथा कमी. बसून राहणारा, गोड खाणारा चिंपांझी लठ्ठ होतो, दात किडतात, मधुमेह होतो. पिंजऱ्यातल्या मोठ्या वानरांत हृदयविकार हे मृत्यूचं मोठं कारण आहे. म्हणून भर पालेभाज्या, कोबी, गाजर, काकडी, वांगी, रताळी, झाडपाला यांवर. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी मक्याच्या पिठाची घट्ट लापशी किंवा गोळेही देतात. माणसाप्रमाणेच चिंपांझीच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. तयार गोळीखाद्य वापरत असाल तर पोत्यावरची तारीख बघा, जुन्या मालातलं क जीवनसत्त्व उडालेलं असतं.

हिशेब घालून बघा : चाळीस जनावरं आणि प्रत्येकी चार किलो धरले तर रोज 160 किलो भाजी-फळं धुवायची, चिरायची, मोजायची. खरेदी, साठवण, नासाडी यांचं गणित ज्याला जमतं तो केंद्राला पशुवैद्याइतकाच लागतो.

खाणं एकाच ठिकाणी ओतलं तर मुख्य नर आणि त्याचे साथीदार खातात, खालच्या पायरीवरची मादी उपाशी राहते. उपाय सोपा आहे : दिवसातून तीन-चार वेळा, लांबवर विखरून, आणि पहिला घास मुख्य नराकडे. तो खाण्यात गुंतला की बाकीच्यांना उसंत मिळते. सगळ्यात आवडीचा पदार्थ संध्याकाळसाठी राखून ठेवतात, कारण त्याच्याच ओढीने सगळे आत येतात. त्यांना आत आणण्यासाठी दिवसभर उपाशी ठेवणं मात्र चूक आहे. भुकेला कळप दारातच भांडतो.

दुपार

सकाळची गडबड ओसरली की डोक्याला काम देण्याची वेळ. जंगलातला चिंपांझी दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात घालवतो, केंद्रात ते वीस मिनिटांत संपतं. उरलेल्या वेळात तो स्वतःचे केस उपटतो, डोलत बसतो, विष्ठा खातो. विशेषतः जो लहानपणी एकटा कोंडला गेला होता त्याच्यात हे दिसतं. म्हणून सिमेंटचं खोटं वारूळ करून भोकांत मध किंवा लापशी भरतात आणि शेजारी बारीक फांद्या टाकतात. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात 1960 मध्ये गुडॉल यांनी चिंपांझीला काडीने वाळवी काढताना पाहिलं, तेच कौशल्य. फळांचे तुकडे घातलेला बर्फ, भोकं पाडलेला पाइप, पाल्याने भरलेल्या फांद्या, हेही चालतं. दोन पथ्यं : कळपात जितके असतील त्याहून एक नग जास्त ठेवा, नाहीतर ते भांडणाचं साधन होतं. आणि डोकं अडकेल असा दोरीचा फास कुठेही राहू देऊ नका.

हीच वेळ निरीक्षणाची. अंगावरचे केस ताठ, डोलणं, वाढत जाणारा ‘हू-हू’ : आता तो धावणार, दगड फेकणार, तेव्हा शांतपणे मागे व्हायचं, ओरडायचं नाही. दात दाखवत ओठ मागे ओढलेले दिसले तर ते हसू नव्हे, भीती आहे. जाहिरातींत ‘हसणारा’ चिंपांझी दिसतो तो बहुधा घाबरलेला असतो, आणि हे एकदा कळल्यावर तशी चित्रं बघवत नाहीत. एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवत बसलेली जोडी दिसली तर कोण कोणाजवळ किती वेळ बसलं ते लिहा. नवा प्राणी कळपात घालताना याच नोंदी कामी येतात.

नव्याला आधी साधारण तीन महिने वेगळं ठेवतात : क्षयरोग, जंत, रक्ताच्या तपासण्या. मग जाळीच्या आडून ओळख, त्यानंतर एखाद्या शांत मादीबरोबर, आणि नर सगळ्यात शेवटी. घाई केली तर चावे, आणि पिल्लू असेल तर त्याचा जीव जातो. फार लहान पिल्लाला मात्र माणसाची ऊब लागते. जंगलात ते चार-पाच वर्षं आईचं दूध पितं, त्यामुळे केंद्रात बाळाच्या डब्याचं दूध बाटलीने, आणि सांभाळणाऱ्या बाईच्या अंगावर दिवसरात्र. तिथेही हेतू एकच : लवकरात लवकर दुसऱ्या पिल्लांत सोडणं.

पशुवैद्यक शिकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. बाहेरून घातलेले टाके चिंपांझी स्वतः उसवतो, नाहीतर शेजारी उसवतो. त्यामुळे विरघळणारे टाके कातडीच्या आत घ्यावे लागतात. बेशुद्धीची बंदूक कमीत कमी वापरायची, कारण तिचं भय कळपात महिनोन् महिने टिकतं. त्याऐवजी शिकवणी : खांदा जाळीला लावला की शेंगदाणा, मग बोथट काडीचा स्पर्श, मग सुईविना सिरिंज, मग सुई. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. बहुतेक केंद्रं पिल्लं वाढू देत नाहीत, माद्यांना गर्भनिरोधक देतात. जागा मर्यादित आणि चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो, म्हणून हे बरोबरच आहे.

अर्जाआधी

तुमचा सर्दी-खोकला तिथे जीवघेणा ठरू शकतो. आपले श्वसनाचे विषाणू, क्षय, गोवर त्यांना होतात. 1966 मध्ये गोंबेत चिंपांझींना पोलिओसारख्या साथीने गाठलं. त्यामुळे क्षयाची तपासणी, कावीळ-ब आणि गोवराच्या लसी आधी झालेल्या हव्यात, कामावर मास्क हवा, शिंक आली तर रजा. गुटखा, तंबाखू, थुंकणं यांची सवय असेल तर ती जळगावलाच सोडून निघा.

घरबसल्या तयारीही होते. यावल अभयारण्यात किंवा पाटणादेवीला वानरांचा एक कळप निवडा. वही घ्या, दर दहा मिनिटांनी प्रत्येक वानर काय करतंय ते लिहा : खातंय, चालतंय, बसलंय, केस निवडतंय. खायला काही देऊ नका. मे महिन्यात पहाटे जा, दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर वानरंही सावलीतून हलत नाहीत. अशा भरलेल्या वह्या अर्जात प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. जखमी वानर सापडलं तर स्वतः पाळायचं नाही, वन विभागाला कळवायचं. प्रत्यक्ष हाताळणीचा सराव नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रासारख्या ठिकाणी रीतसर परवानगीने मिळवा.

नोकरीचं खरं सांगायचं तर आफ्रिकेतल्या केंद्रांत रोजची देखभाल स्थानिक लोक करतात, आणि तसंच असायला हवं. बाहेरच्याला जागा मिळते ती पशुवैद्य, व्यवस्थापन, संशोधन यांत, किंवा स्वतःच्या खर्चाने स्वयंसेवक म्हणून. काँगो, कॅमेरून, गिनी इथे फ्रेंच लागते. केनिया, युगांडा, झांबियात इंग्रजी चालते. पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढू देतो अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका. केंद्र आफ्रिकेतल्या निवारा केंद्रांच्या ‘पासा’ या संघटनेचं सदस्य आहे का ते आधी बघा.

आणि पिवळ्या तापाची लस. केनिया, युगांडा, काँगो, सिएरा लिओनहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र विमानतळावर मागतात. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही, मुंबईसारख्या ठरावीक केंद्रांतच आधी वेळ घेऊन मिळते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी लसीची तारीख पक्की करा.