केदारकंठाला निघालात? बॅग भरताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रेकर मंडळींना उत्तराखंडातल्या केदारकंठा या बर्फाळ शिखराचे वेध लागतात. मग जाडजूड स्वेटर, दोन माकडटोप्या, वर आईने सक्तीने कोंबलेली शाल. आणि आत? रोजचा सुती टी-शर्ट. घोळ होतो तो इथे.

बर्फात माणूस गारठतो तो बऱ्याचदा आधी घामाघूम झाल्यामुळे. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. चढ संपवून थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचं जॅकेट), सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं फुगीर जॅकेट थांबल्यावर घालायचं, चढताना नाही. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. तंबूबाहेर पाऊल टाकतानाच मस्त ऊब वाटत असेल, तर एक थर जास्त झालाय.

ठाण्यात बर्फाची तालीम होत नाही, घामाची मात्र बारा महिने होते. आतला थर, ट्रेकचेच बूट आणि भरलेली सॅक घेऊन पहाटे येऊर किंवा खारघरचा चढ चढा. वर दहा मिनिटं बसून पाठ चाचपा, कापड किती वाळलं ते कळेल. (फ्लीस घरीच ठेवा, नाहीतर भोवळ येईल.) उतरताना अंगठा बुटाला टेकत असेल तर बूट आताच बदला. दोन जाड मोजे कोंबून बूट आवळला की रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘कळसूबाई दोन तासांत मारली’ हा आत्मविश्वास. कळसूबाई १,६४६ मीटर. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गावच सुमारे १,९५० मीटरवर, आणि केदारकंठाचा माथा ३,८०० मीटरच्या आसपास. विरळ हवा तुमचा दम विचारत नाही. ३,००० मीटरनंतर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये. डोकं दुखतंय, मळमळतंय तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता खाली. उंचीचा त्रास टाळण्याची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही.

बाकी किरकोळ कटकटी. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. साधी बाटली घ्या आणि रात्री उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी झाकणाशी पाणी पातळ मिळतं. मोबाइल थंडीने बंद पडतो. तो आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत, दमट मोजेही तिथेच. पाय गरम होत नसतील तर झोपण्याआधी काहीतरी खा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या. रमने ऊब येते म्हणतात. खरं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली उष्णता बाहेर जाते. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे जळतात, त्यामुळे गॉगल अतिनील किरण अडवणारा हवा, रस्त्यावरचा शोभेचा नको.

गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आणि बुटाला लावायचे काटे सांक्रीत भाड्याने मिळतात. ते विकत घेऊ नका, तेवढे पैसे बुटात घाला.