कार्यालयातील संगणकावरचे पॉप-अप आणि मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) कसे काढावे

पुण्यातील पेठांमधल्या कर सल्लागारांच्या कार्यालयांत किंवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपी केंद्रांत टॅली, जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग आणि ई-मेल ही सारी कामे बहुधा एकाच संगणकावर चालतात. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात 'संगणकात व्हायरस सापडला आहे' अशी सूचना वारंवार दिसू लागली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. कंपनीत आयटी विभाग असल्यास प्रथम त्यालाच कळवावे आणि तोवर काहीही पुसू नये.

अशा विभागाची सोय नसेल, तर सर्वप्रथम इंटरनेट बंद करावे आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (पेनड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण) तसेच बॅकअपची हार्ड डिस्क काढून ठेवावी. सूचनेत दिलेल्या क्रमांकावर फोन मुळीच करू नये, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक नसतो. सूचनेने पूर्ण पडदा व्यापला असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा.

कोपऱ्यातील अशा सूचना अनेकदा व्हायरसच्या नसतातच. कोणीतरी एखाद्या संकेतस्थळावर घाईने 'अलाउ' दाबून त्याला सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज' आणि पुढे 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढावी. त्यानंतर एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी पाहावी आणि ज्याची गरज कोणालाच सांगता येत नाही ते काढून टाकावे. एखादे एक्स्टेन्शन काढताच येत नसेल आणि आयटी विभाग नसतानाही क्रोम 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असे दाखवत असेल, तर कोणत्या तरी प्रोग्रॅमने ब्राउझरवर परस्पर धोरण (वापरणाऱ्याला बदलता न येणारी सेटिंग) लादले असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग केवळ ब्राउझर साफ करून भागत नाही.

विंडोजमधील 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'ची यादी तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत. फुकटचे मराठी फॉन्ट, पीडीएफ कन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअरचे क्रॅक (परवाना न घेता वापरण्यासाठीच्या फायली) यांच्याकडे विशेष संशयाने पाहावे, कारण अशा डाउनलोडसोबत नको ते प्रोग्रॅम अनेकदा येतात. यानंतर इंटरनेट जोडून 'विंडोज सिक्युरिटी'तील व्हायरसची माहिती अद्ययावत करावी आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. संगणक पुन्हा सुरू होऊन, विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वीच, साधारण 15 मिनिटे हा तपास चालतो. त्यामुळे दडून बसलेला मालवेअरही सापडण्याची शक्यता वाढते. उघड्या फायली आधी जतन कराव्यात.

पॉप-अप थांबले म्हणजे काम संपले, असे मात्र मानू नये. पासवर्ड चोरणारा मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती आधीच बाहेर पाठवून मोकळा झालेला असू शकतो. म्हणून ई-मेल, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत आणि जेथे सोय असेल तेथे सर्व उपकरणांवरून साइन आउट करावे, कारण चोरलेले सत्र (आधीच साइन इन केलेली जोडणी) नुसता पासवर्ड बदलून दरवेळी बंद होतेच असे नाही. पैसे गेल्याचे लक्षात आल्यास बँकेला कळवून 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

स्कॅननंतरही तोच प्रोग्रॅम परत येत असेल, तर दुरुस्तीत वेळ न घालवता विंडोज नव्याने टाकणेच माझ्या मते योग्य. त्याआधी केवळ एक्सेल, पीडीएफ आणि टॅलीचा डेटा यांची प्रत घ्यावी, प्रोग्रॅम बसवण्याच्या जुन्या सेटअप फायली कटाक्षाने वगळाव्यात आणि ती प्रत नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये उघडण्यापूर्वी स्कॅन करावी.